बुजऱ्या पाखराची बाजू

गेल्या पावसाळ्यात एकदा शाळा सुटल्यावर नववीतला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याचे घर मालवणजवळच्या किनाऱ्याला, माडांच्या बागेत. कोल्हापूरला गेलेल्या मामाने त्याच्यासाठी एक पाखरू आणले होते : राखाडी अंग, पिवळे डोके, गालावर नारिंगी टिकली आणि डोक्यावर तुरा. दोन आठवडे झाले तरी पिंजऱ्याजवळ कोणी गेले की ते फुत्कारे, पंख आपटी आणि मागच्या गजांना जाऊन चिकटे. विकणाऱ्याने सांगितले होते, "रोज मुठीत घट्ट धरून बसा, चार दिवसांत सरळ होईल." मुलाने तसे केले. आता नुसता हात दिसला तरी पाखरू थरथरू लागले होते. आजीचे म्हणणे वेगळेच : "तेका धरू नको रे, तो घाबारलो हा. सोडून दी." मुलाने मला विचारले, "सर, कोणाचे खरे?"

आजीचे निदान अगदी बरोबर होते. विकणाऱ्याचा उपाय चूक होता. पण आजीचा उपायही चूक होता, असे माझे मत आहे, आणि ते मी येथे सकारण मांडणार आहे. अशी पाखरे आता आपल्या लहान गावांतील घरांतूनही दिसू लागली आहेत, आणि त्यांच्याशी कसे वागावे याचे सल्ले मात्र बहुधा विकणाऱ्यांकडूनच मिळतात.

हा पक्षी म्हणजे कॉकाटील. आपल्या बाजारात त्याचे 'कॉकटेल' झाले आहे. शास्त्रीय नाव निम्फिकस हॉलंडिकस. काकाकुवांच्या कुळातला हा सर्वांत लहान पक्षी. शेपटीसह लांबी सुमारे 32 सेंटिमीटर आणि वजन 80 ते 100 ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या दोन अंड्यांहूनही थोडे कमीच. याचे मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातला उघडा, कोरडा प्रदेश. तेथे तो थव्याने राहतो, पाणी आणि चारा यांच्या शोधात भटकतो आणि जमिनीवर उतरून गवताचे बी टिपतो. आता कल्पना करा : उघडे माळरान, वर ससाणे, आणि खाली हा एवढासा जीव मान घालून दाणे टिपतो आहे. अशा ठिकाणी 'ही सावली कशाची असेल बरे?' असा विचार करीत बसणारा पक्षी फार दिवस जगत नाही. आधी उडायचे, मग पाहायचे, हाच तेथला नियम. शिवाय थव्यात पाळत ठेवायला पुष्कळ डोळे असतात. पडवीतल्या पिंजऱ्यातील एकट्या पाखराला ते सारे काम दोनच डोळ्यांनी करावे लागते. एकोणिसाव्या शतकापासून माणसे हा पक्षी पिंजऱ्यात वाढवीत आली आहेत. पण लाखो वर्षांत अंगी बाणलेला स्वभाव तेवढ्या काळात पुसला जात नाही. त्याच्या भीतीला हट्ट किंवा खोडी समजणे म्हणजे कासवाच्या पाठीला खोडी समजण्यासारखे आहे.

पिंजऱ्यातले पाखरू सोडले तर पुण्य लागते, ही आपल्याकडची समजूत चांगल्या मनातून आलेली आहे. पण कोणते पाखरू कोठे सोडतो, हे पाहायला हवे. आपल्या बाजारातले कॉकाटील पिंजऱ्यातच जन्मलेले असतात. त्यांना इथले गवत ठाऊक नाही, इथला शिक्रा ठाऊक नाही. पूर्वजांचा प्रदेश कोरडा, आणि सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोणीतरी सोडलेल्या अशा एका पाखराला कावळ्यांनी घेरून माडाच्या झावळीत कोंडलेले मी स्वतः पाहिले आहे. त्यात पुण्य कोणाला लागले असेल, ते सांगणे कठीण.

मुठीत धरण्याचे काय? येथे थोडे शरीरशास्त्र पाहू. आपण श्वास आत घेतो तेव्हा छाती आणि पोट यांमधले श्वासपटल खाली सरकते. पक्ष्यांना असे श्वासपटल नसते. त्यांची उरोस्थी म्हणजे छातीचे हाड हलते, तेव्हाच हवा आतबाहेर होते. उराभोवती मूठ आवळली की ही हालचाल अडते आणि पाखरू गुदमरू लागते. मग रोज मुठीत धरून त्याला काय शिकवले जात होते? हात आला की श्वास कोंडतो, एवढेच. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट तुम्ही वाचली असेल. ठरावीक आवाजामागून अन्न येते हे कळल्यावर नुसत्या आवाजानेच त्यांच्या तोंडाला पाणी सुटू लागले. येथे आवाजाच्या जागी हात होता आणि अन्नाच्या जागी गुदमरणे. पाखराने धडा उत्तम गिरवला होता. धडाच वाईट होता. काही पाखरे अशा वेळी मुठीत एकदम स्तब्ध होतात आणि पाहणारे म्हणतात, "बघा, शांत झाला!" परंतु सुटकेची वाट उरली नाही म्हणजे पुष्कळ प्राणी निश्चल होतात. त्या स्तब्धतेला कोणी माणसाळणे समजू नये.

यावर एखादा हुशार विद्यार्थी शंका काढील : भीती जाते ती सवयीनेच ना? मग मुठीचीही सवय का होऊ नये? शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपल्या शेतात उभे आहे. भाताच्या किंवा नाचणीच्या शेतात नवे बुजगावणे उभे केले की पहिले काही दिवस पाखरे लांब राहतात. मग बांधापर्यंत येतात. पुढे एक दिवस बुजगावण्याच्याच डोक्यावर बसून पंख साफ करू लागतात. शेतकरी हे ओळखून असतो. म्हणून तो त्याची जागा बदलतो, सदरा बदलतो. पाखरांची भीती गेली कशाने? बुजगावण्याने कधी कोणाला धरले नाही, आणि किती जवळ जायचे, केव्हा उडून जायचे, हे प्रत्येक वेळी पाखरांनीच ठरवले. बुजगावण्याने एकदा जरी झडप घालून चिमणी पकडली असती तरी शेतकऱ्याचा सदऱ्यांचा खर्च वाचला असता!

शास्त्रज्ञांनाही हे कळायला वेळ लागला. निको टिनबर्जेन आणि कोनराड लोरेन्झ (दोघेही 1973 च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी) यांनी 1937 मध्ये पुठ्ठ्याची एक आकृती पक्ष्यांच्या डोक्यावरून सरकवून पाहिली. एका दिशेने नेली की ती आखूड मानेच्या ससाण्यासारखी दिसे, उलट नेली की लांब मानेच्या हंसासारखी. ससाणा दिसला की पक्षी घाबरत. त्यावरून, ससाण्याच्या आकाराची भीती जन्मजातच असते, असे पुष्कळांना वाटले. पुढे 1961 मध्ये व्होल्फगांग श्लाइट यांनी टर्की कोंबड्यांवर प्रयोग करून दाखवले की जो आकार वारंवार दिसतो आणि काही करीत नाही, त्याला पक्षी घाबरेनासे होतात. जो क्वचित दिसतो, त्याला घाबरतात. तेथेही बुजगावण्याचाच न्याय.

मला मात्र या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती एका मुलाची. 1924 मध्ये अमेरिकेतील मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सुमारे तीन वर्षांच्या पीटरची सशाविषयीची भीती घालवली, त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत आणायचा, पण इतक्या दूर ठेवायचा की मुलाचे खाणे थांबू नये. पुढच्या खेपेला किंचित जवळ. असे करता करता पीटर सशाला कुरवाळू लागला. "हात लाव, काही करीत नाही तो," असे म्हणून त्याला कोणी पुढे ढकलले नाही. आपल्या गोष्टीत पीटर म्हणजे पाखरू, आणि ससा म्हणजे आपण. आपल्या भाषेत 'माणसाळणे' आणि 'माणसाळवणे' अशी दोन क्रियापदे आहेत. पहिल्याचा कर्ता पाखरू, दुसऱ्याचा आपण. माझ्या मते खरे काम पहिल्या क्रियापदाचे आहे; आपण फक्त खाऊ धरायचा आणि अंतर राखायचे.

हे अंतर मोजता येते. स्वित्झर्लंडमधील प्राणिसंग्रहालयांचे संचालक हाइनी हेडिगर यांनी दाखवून दिले की शत्रू किती जवळ आल्यावर पळायचे याचे प्रत्येक प्राण्याचे एक अंतर असते. त्याला आपण पलायन-अंतर म्हणू. मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो तेव्हा कावळे माणसांच्या पायांत येतात. शेतातला कावळा मात्र तुम्ही दगड उचलायला वाकलात तरी उडतो. जात तीच, अनुभव वेगळा. कॉकाटीलच्या बाबतीत तर मोजमापाचा काटा त्याच्या डोक्यावरच बसवलेला आहे. तुरा ताठ उभा राहिला तर पाखरू दचकले आहे. तुरा मागे चपटा आणि वर फुत्कार, म्हणजे ते भीतीने चोच मारायच्या बेतात आहे. तुरा सैल, किंचित मागे कललेला असेल तर ते निश्चिंत आहे.

मी त्या मुलाला एक वही घालायला लावली. पिंजरा पडवीतून हलवून माजघराच्या कोपऱ्यात, छातीच्या उंचीवर ठेवला, म्हणजे दोन बाजूंना भिंत आली आणि डोक्यावरून कोणी वाकेना. (स्वयंपाकघरात मात्र पिंजरा कधीच ठेवू नये. धूर तर वाईटच. शिवाय न चिकटणाऱ्या तव्यावरचा लेप फार तापला तर त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो.) जमिनीवर खडूने हात-हात अंतरावर खुणा केल्या. पहिल्या दिवशी तुरा उभा राहिला तो सहा हातांवर. मग मुलाने रोज त्या खुणेच्या अलीकडे, पाखराकडे बाजू करून बसायचे आणि हलक्या आवाजात धडा वाचायचा. शिकारी प्राणी दोन्ही डोळे रोखून पाहतो, म्हणून टक लावून बघायचे नाही. राळ्याचे कणीस हा या पक्ष्याचा आवडता खाऊ. ते फक्त मुलगा बसलेला असतानाच पिंजऱ्यात अडकवायचे. तुरा उभा राहिला की मुलाने मागे सरकायचे. ही शेवटची अट त्याला सर्वांत जड गेली. "मीच का मागे जायचे?" असे त्याने मला दोनदा विचारले.

श्रावणात अंतर दोन हातांवर आले. मग गणपतीत फटाके वाजले, त्यातच एका रात्री वीज गेली. कॉकाटील अंधारात दचकला की पिंजऱ्यात सैरावैरा धडपडतो, तसा तो धडपडला, एक पीस मोडले, आणि वहीत पुन्हा पाच हातांचा आकडा पडला. मुलगा रडकुंडीला आला. पण ते पान मला साऱ्या वहीत मोलाचे वाटते. त्यानंतर रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजूंना कापड आणि जवळ मंद दिवा अशी व्यवस्था झाली, आणि या वेळी पाच हातांवरून दोन हातांवर यायला पहिल्याच्या निम्मेच दिवस लागले.

काही जण म्हणतील, एवढा वेळ कोणाला आहे? पंख कापले की काम झाले. पंख कापल्याने भीती कमी होत नाही, फक्त पळण्याचा उपाय जातो. म्हणजे ती पुन्हा मूठच झाली. ज्याला वेळ नाही त्याने पाखरू आणू नये. नीट सांभाळलेला कॉकाटील 15 ते 20 वर्षे जगतो. तुम्ही नोकरीला लागाल तेव्हाही तो घरात असेल. माझे स्वतःचे मत विचाराल तर तो विकत आणूच नये, अंगणातले पक्षी पाहावेत. पण आणला असेल तर मग सबब सांगू नये. आणि माडाच्या ढोलीतून राघूचे पिल्लू काढून पाळणे, हे आपल्याकडे सर्रास होत आले असले तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. त्या पिलाचे आईबाप त्याच माडावर ओरडत असतात. तेथे माणसाळण्याचा प्रश्नच येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पाखरू पिंजऱ्याच्या उघड्या दारात बसून मुलाच्या हातातले कणीस खाऊ लागले. कधी बोटावर एक पाय ठेवते आणि काढून घेते. सोडून द्यायला निघालेल्या आजीच्या खांद्यावर मात्र ते थेट जाऊन बसते, कारण तिने त्याला एकदाही धरलेले नाही. मामा आला की अजून तुरा ताठ होतो. वहीत मामाचे अंतर चार हात आहे.