डम्प पाठ, स्विच भुईसपाट

"सर, सीसीएनए आहे माझं," असं कुणी पोरगा सांगू लागला की माझा आता पहिल्या फटक्यात विश्वास बसत नाही. वाईट वाटतं, पण इलाज नाही. पुणे-नगर रस्त्यावरच्या आमच्या सुप्यात, जुन्या एमआयडीसीपासून जपानी कंपन्यांसाठी राखलेल्या नव्या पट्ट्यापर्यंत, कारखान्यांचं नेटवर्क सांभाळून मी पोट भरतो. सीसीएनए म्हणजे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र; ते असलेले पुष्कळ भेटतात. स्विचसमोर उभा राहून हात न थरथरणारा क्वचित भेटतो.

याला कारण डम्प. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: परीक्षेतले प्रश्न चोरून बाहेर आणायचे, उत्तरांवर खुणा करायच्या, पीडीएफ बनवायची आणि विकायची. पोरगा ती पंधरा-वीस दिवस घोकतो, परीक्षा देऊन येतो आणि त्याच रात्री स्टेटसला हारतुरे पडतात. दहावीला 'अपेक्षित' पाठ करून पास झालेल्या महाराष्ट्राला यात काही गैर वाटत नाही. क्लासवाला तर उजळ माथ्याने फलक लावतो, 'पास होण्याची हमी'. अरे, शिकवण्याची हमी दे ना! पास करून देण्याची हमी कोण देऊ शकतो? ज्याच्याकडे पेपर आधीच आलेला आहे तोच.

अशा हमीवाल्या पासाची गंमत मी एका कारखान्यात रात्रपाळीला पाहिली. पॅकिंगच्या टेबलाखाली एक स्वस्तातला आठ पोर्टचा साधा स्विच पडलेला. साफसफाई करताना कुणाला तरी केबलचं एक टोक लोंबकळताना दिसलं, त्याने ते इमानदारीने रिकाम्या पोर्टमध्ये खोचलं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. झालं, लूप तयार. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. ब्रॉडकास्ट एकदा फिरू लागला की फिरतच राहतो आणि दर फेरीला साऱ्या नेटवर्कभर स्वतःच्या प्रती ओकत सुटतो. मिनिटभरात रॅकमधले सगळे दिवे एका तालात लुकलुकू लागले, बारकोड स्कॅनर मेले, लेबल प्रिंटर गप्प झाला, लाइन थांबली. ड्युटीवरच्या सीसीएनए बहाद्दराने काय करावं? मुख्य स्विच बंद करून चालू केला. तो उठेपर्यंत शांतता, उठला की पुन्हा तेच. त्याने पुन्हा बंद केला. सुपरवायझर डोक्यावर उभा आणि हा दिव्यांकडे बघतोय.

लॉग उघडला असता तर स्विच स्वतःच ओरडून सांगत होता की एकच मॅक पत्ता कधी या पोर्टवर दिसतोय, कधी त्या. ते दोन पोर्ट बघायचे, त्यातला पॅकिंगकडे जाणारा बंद करायचा, की लाइन चालू. आणि त्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड, म्हणजे लूपची चाहूल लागताच पोर्ट बंद करणारी सोय, आधीच लावलेला असता तर एवढीही धावपळ पडली नसती, पोर्ट आपणहून बंद झाला असता. नंतर मी त्याला विचारलं, बीपीडीयू गार्ड म्हणजे काय? पठ्ठ्याने व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. कुठे लावायचा, हे मात्र त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

डम्प का घेतला, यावर पोरांचं म्हणणं ठरलेलं असतं. "सर, फी किती आहे माहितीये ना? नापास झालो तर कोण भरणार?" हा मुद्दा खरा आहे, मी तो झटकणार नाही. फी डॉलरमध्ये, ३००. वर कर धरला की पंचवीस हजारांच्या पुढे. कंत्राटी पोराचा दीड-दोन महिन्यांचा पगार त्यात जातो. तीन वर्षांनी प्रमाणपत्राची मुदत संपते, पुन्हा खिसा रिकामा करा. वर किती गुणांना पास, हेसुद्धा सिस्को जाहीर करत नाही. लूट म्हणायची तर म्हणा, मी अडवणार नाही. पण फी महाग आहे म्हणून चोरीचा पेपर विकत घ्यायचा, हा हिशेब कुठला? डम्प पकडला गेला तर निकाल रद्द होतो आणि पुढच्या परीक्षांवर बंदी येते. म्हणजे पैसेही गेले आणि नावही.

बरं, परीक्षा काही अशक्य नाही. २४ फेब्रुवारी २०२० पासून २००-३०१ या क्रमांकाचा पेपर आहे, १२० मिनिटांचा. एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही, म्हणून घोकणारा तिथे घामाघूम होतो. प्रत्यक्ष कमांड देऊन सोडवायचे प्रश्नही असतात. आणि हिशेबाचेही: १९२.१६८.१०.७५, मास्क /२७. नेटवर्क पत्ता कोणता? बत्तीस-बत्तीसचे गट पाडा, ७५ बसतो ६४ ते ९५ मध्ये. नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट ९५, वापरायला मधले तीस. हे बोटांवर यायला हवं, आणि ते रोज पंधरा मिनिटं कागद-पेन्सिल घेऊन बसल्याने येतं, दुसऱ्या कशाने नाही. पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. त्यात व्हीलॅन बांधा, ओएसपीएफ चालू करा, मग मुद्दाम एका बाजूचा हॅलो टायमर बदला आणि शेजारीपण का तुटलं ते शोधा. वेंडेल ओडमची दोन जाडजूड पुस्तकं आहेत, ती वाचा. इंग्रजी जड जातं? जाऊ द्या, सावकाश वाचा. असं मोडून-जोडून शिकायला चार-सहा महिने लागतात आणि नेमका तोच वेळ द्यायला कुणी तयार नाही.

सिस्कोच्याच प्रमाणपत्रांत वरच्या पायरीवर सीसीआयई आहे, १९९३ पासून. तिची लॅब परीक्षा आठ तासांची, आपल्याला जवळचं केंद्र बंगळूरू, फी १६०० डॉलर. तिथे नुसतं पाठ करून भागत नाही, नेटवर्क चालवून दाखवावं लागतं.

पण सगळा राग पोरांवर काढणंही सोयीचं आहे. कंपन्यांचे एचआर साहेब काय करतात? जाहिरातीत 'सीसीएनए अनिवार्य' लिहितात, मुलाखतीत प्रमाणपत्राची झेरॉक्स घेतात, फायलीला लावतात, पगार हेल्परपेक्षा जेमतेम जास्त देतात. ज्याने सहा महिने रात्री जागून अभ्यास केला तो आणि ज्याने पंधरा दिवस पीडीएफ घोकली तो, दोघे त्यांच्या लेखी एकच. मग कोण मूर्ख सहा महिने घालवील? डम्पचा बाजार क्लासवाल्याने मांडला असेल, गिऱ्हाईक या साहेबांनी पुरवलंय. लाइन बंद पडली की मात्र हेच विचारतात, "सर्टिफाइड माणूस ठेवलाय ना आपण?"

तेव्हा साहेब, पुढच्या मुलाखतीला एक करा. झेरॉक्स बाजूला ठेवा. तुमच्याच स्टोअरमध्ये धूळ खात पडलेला जुना स्विच टेबलावर ठेवा, एक कन्सोल केबल द्या, पोर्टला चुकीचा व्हीलॅन देऊन ठेवा आणि उमेदवाराला अर्धा तास द्या. तुम्हाला त्यातलं कळत नसेल तर कळणारा माणूस शेजारी बसवा. आणि जो अर्ध्या तासात तो पोर्ट चालू करून दाखवील त्याला हेल्परचा पगार देऊ नका.