मागची काच

नव्या गाडीच्या काचा काळ्या करून घ्यायची हौस मला कधी कळलीच नाही. एवढे पैसे मोजून गाडी घ्यायची, चारी बाजूंचं दिसावं म्हणून मोठमोठ्या काचा असलेलं मॉडेल निवडायचं, आणि पहिल्याच आठवड्यात तिला गॉगल चढवायचा! कुणी म्हणतं ऊन लागतं, कुणी म्हणतं आतलं सामान दिसत नाही. खरं कारण बहुतेकदा तिसरंच असतं. काळ्या काचेआड कोण बसलंय ते बाहेरच्याला कळत नाही, त्यामुळे कुणीतरी मोठं माणूस असणार असं त्याला वाटत राहतं. आपण मोठं माणूस नसलो तरी.

असो. नव्या फिल्मवर लोकांनी पुष्कळ लिहिलंय. मला लिहायचंय ते जुन्या फिल्मविषयी. दहा-बारा वर्षं उन्हात भाजलेली, जांभळी पडलेली, फोड आलेली ती फिल्म, जी तुमच्या-माझ्या घरच्या कुठल्या ना कुठल्या गाडीच्या मागच्या काचेवर अजून असते आणि जिच्याकडे कुणीही बघत नाही.

फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा, त्यात रंग आणि एका अंगाला गोंद. स्वस्तातल्या फिल्ममध्ये सगळी मदार रंगावर. तो काळा दिसतो पण असतो दोन-तीन रंगांचं मिश्रण. त्यातले काही लवकर उडतात, काही मागे राहतात, म्हणून काच जांभळी दिसायला लागते. मग गोंद जागोजागी सुटतो आणि फुगे येतात. दिवसा ते नुसते कुरूप दिसतात. रात्री मागच्या गाडीचा हेडलाइट त्यांच्यावर पडला की प्रकाश इतका फुटतो की मागे एक गाडी आहे की तीन, ते कळत नाही. हे सगळं रोज थोडं थोडं होत असतं, त्यामुळे चालवणाऱ्याला वेगळं काही जाणवतच नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. (बाबा हे वाचणार आहेत, त्यांची परवानगी घेतली आहे. आईची घेतलेली नाही.)

बाबांची गाडी २०११ सालची, सोलापूरची. शोरूमने गाडीबरोबर मॅट, मडफ्लॅप, डॅशबोर्डवरचा गणपती आणि काळी फिल्म असं सगळं 'फ्री' दिलं होतं. पुढच्याच वर्षी, २७ एप्रिल २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ४ मे पासून गाडीच्या काचांवर फिल्म चिकटवायची नाही, मग ती फिकी असो की गडद. तुमच्यापैकी अनेकांना तो मे महिना आठवत असेल. सिग्नलला पोलीस फिल्म ओरबाडून काढत होते आणि ॲक्सेसरीवाल्यांकडे, पूर्वी फिल्म बसवायला लागायची तशीच, आता काढायला रांग लागली होती. बाबाही गेले. तिथल्या पोराने बाजूच्या चार काचा साफ केल्या, मागच्या काचेला ब्लेड लावलं, कोपऱ्यातली डिफॉगरची एक रेघ कापली गेली आणि तो घाबरून थांबला. "राहू द्या सर, मागचं कोण बघतंय?"

खरंच कुणी बघितलं नाही. पुढची तब्बल एक तपभर!

गेल्या दिवाळीत बाबांनी संध्याकाळी गाडी मागे घेताना आमच्या गेटचा खांब दोनदा घासला. आठवड्याच्या आत दोनदा. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. लगेच भावंडांची व्हिडिओवर सभा भरली. दादा बेंगळुरूहून, ताई जुळे सोलापुरातून, मी पुण्याहून. दादाचं म्हणणं, आता चावी काढून घ्यायची. रिक्षा आहेत, ॲपवर टॅक्सी मिळते, कशाला जोखीम? ताईला पटत होतं पण बोलवत नव्हतं. बाबा मागे खुर्चीत बसून सगळं ऐकत होते आणि एक अक्षर बोलले नाहीत. ते जे न बोलणं होतं ना, त्यानेच मला जास्त त्रास झाला. त्या दिवसापासून त्यांनी पाचनंतर गाडी काढणं आपणहून बंद केलं. म्हणजे संध्याकाळचं वाचनालय बंद, मित्रांचा कट्टा बंद, आईला घेऊन ताईकडे जाणं बंद.

मी सोलापूरला गेले तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर बसून आतल्या आरशात पाहिलं. मागे काहीही दिसत नव्हतं. अतिशयोक्ती नाही! संध्याकाळी साडेसहाला त्या आरशात जांभळा धुरळा होता आणि त्यात गेटचा खांब कुठे आहे ते मला, म्हणजे त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान असलेल्या माणसाला, दिसत नव्हतं. बाबांना स्पॉन्डिलायटिसमुळे मान पूर्ण वळवता येत नाही. मागचं जे काही दिसायचं ते त्या आरशातून, म्हणजे त्या काचेतूनच.

थोडं गणित करू. साध्या काचेतून समजा ८० टक्के प्रकाश येतो आणि फिल्ममधून ३५ टक्के. मग दोन्ही मिळून आत येतो ८० चे ३५ टक्के, म्हणजे फक्त २८. आता डोळ्याचं पहा. वयानुसार बाहुली आकसते, भिंग पिवळट होतं, आणि साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. बाबांचं एक भिंग म्हातारं झालं होतं हे खरं. पण दुसरं आपण बाहेरून चिकटवलेलं होतं, आणि सगळा हिशोब आपण पहिल्याच्या नावावर मांडला.

मला राग येतो तो याचाच. म्हाताऱ्या माणसाचं काहीही चुकलं की वय हे उत्तर तयारच असतं. दिवा मंद असला तरी वय, फोनवरची अक्षरं बारीक असली तरी वय. लायसन्सचं पहा. पंचावन्न उलटले की दर पाच वर्षांनी नूतनीकरण, डॉक्टरचं प्रमाणपत्र. ते असायलाच हवं. पण ज्या काचेतून तो माणूस बघणार, ती कुणी तपासायची? खासगी गाडीला नोंदणीनंतर पंधरा वर्षं कुणी विचारत नाही. पीयूसी होते, ती धुराची.

बरं, नियम काही नवा नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो, पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार यायला हवा, बाजूच्या काचांतून ५० टक्के. मागची काच पुढच्या काचेच्या बरोबरीने धरली आहे, हे मला हा उद्योग करेपर्यंत माहीत नव्हतं. १ एप्रिल २०२१ पासून नियमात 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मानकात बसणारी फिल्म चालेल असं म्हटलं. पण टक्के तेच आहेत. आणि उष्णता अडवायची तर काळोख लागतोच असं नाही. जवळजवळ पारदर्शक दिसणारी चांगली फिल्म स्वस्त काळ्या फिल्मपेक्षा जास्त उष्णता अडवू शकते.

तर, काढली. मी आणि बाबांनी मिळून. सोलापूरच्या उन्हाचा असा सदुपयोग मी पहिल्यांदाच केला. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या काचेच्या मापाने कापल्या. एक बाहेरून साबणाच्या पाण्याने चिकटवली. आतून फिल्मवर तेच पाणी भरपूर फवारलं आणि तिच्यावर दुसरी. सीटवर जुन्या चादरी टाकल्या आणि गाडीची पाठ उन्हाकडे करून दीड तास सोडून दिली. काळं प्लास्टिक तापतं, गोंद मऊ पडतो. मग कोपऱ्यातून नखाने धरून हळू, अगदी सायीसारखं सोलायचं. घाई केली की पापुद्रा येतो आणि गोंद तसाच राहतो. इंटरनेटवर जो तो अमोनिया सुचवतो, पण गाडीत बसून तो हुंगायची माझी तयारी नव्हती. साबणाने भागलं.

गोंद मात्र दुसऱ्या दिवसावर गेला. मागच्या काचेवरच्या रेघा आतल्या बाजूला छापलेल्या असतात, म्हणून ब्लेडचं नाव काढायचं नाही. जुनं प्लास्टिकचं कार्ड घ्यायचं आणि रेघांच्या दिशेने, आडवं चालवायचं. बाबांनी त्यांचं मुदत संपलेलं एटीएम कार्ड दिलं आणि अर्ध्या तासाने माझ्या हातून काढूनही घेतलं. "तू जोर लावतेस." नंतरचं सगळं त्यांनीच केलं, रेघेला रेघ धरून. शिक्षक होते, वहीत समास आखल्यासारखं चाललं होतं.

मग काचेवर वाफ धरून डिफॉगर लावला. सगळ्या रेघांजवळची वाफ एकेक करून सरली, एका रेघेची तशीच राहिली. तीच २०१२ ची. चांदीचा वाहक रंग मिळतो, त्याने तुटलेला ठिपका जोडता येतो. सोलापुरात डिफॉगर लागतो कधी, हा प्रश्न बरोबर आहे. महाबळेश्वरला जाताना, पावसात. पण बाबांना ती रेघ हवीच होती.

डोळ्यांची तपासणीही केली. नंबर थोडा बदलला होता, चष्मा नवा झाला. चावी द्यायचा दिवस येईल, ते बाबाही जाणतात. तो काचेमुळे यायला नको होता, एवढंच. सध्या ते संध्याकाळी वाचनालयापर्यंत जातात. हायवेला रात्री जात नाहीत, ते त्यांनी स्वतःच ठरवलंय.

आणखी एक गोष्ट मला त्या साफ काचेमुळे कळली. बाबांच्या मागून मी ताईच्या गाडीत येत होते. त्यांच्या मागच्या काचेतून आणि पुढच्या काचेतून मला थेट पलीकडचा ट्रॅक्टर दिसला, त्यांनी ब्रेक दाबण्याच्या आधी. म्हणजे माझ्या गाडीची काच एकट्या माझी नसते तर! मागचा माणूसही तिच्यातूनच बघत असतो. रस्ता ओलांडणाऱ्या माणसालाही ड्रायव्हरचे डोळे दिसायला हवे असतात, त्याशिवाय तो पाऊल टाकत नाही. 'माझी गाडी, माझी काच' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे.

चांदीच्या रंगाची बाटली पाऊणएक शिल्लक आहे, कुणाला हवी असेल तर सांगा. आणि दादा, तुझ्या गाडीच्या मागच्या काचेवर जे आहे ना, ते मी गणपतीत पाहिलंय. मे मध्ये येशील तेव्हा गाडी घेऊनच ये. पिशव्या आणून ठेवते, कार्ड बाबांकडे आहे.