मेल्यावर आस्तिक करण्याची घाई

संपादक महोदय,

‘नास्तिकांना देवाकडे वळवणे हे श्रद्धावानांचे कर्तव्यच आहे’ अशा आशयाचं पत्र गेल्या रविवारी आपल्याकडे छापून आलं. पत्रलेखकांचा इंजिनीअर भाचा घरच्या आरतीला उभा राहत नाही आणि त्याला मार्गावर आणण्यासाठी वाचकांनी उपाय सुचवावेत, अशी त्यांची विनंती आहे. मी उपाय सुचवणार नाही. मी स्वतः देव मानते. पूजा झाल्याशिवाय सकाळचा चहा घेत नाही आणि आषाढी-कार्तिकीचे उपास अजून सुटलेले नाहीत, त्यामुळे हे पत्र नास्तिकांच्या गोटातून आलंय असं कोणी समजू नये. देवाबद्दल बोलावं, कडकडून वाद घालावा, त्याला कोणाची हरकत असू नये. पण माणूस आजारी असताना, शोकात असताना किंवा उत्तर देण्याच्या पलीकडे गेल्यावर त्याला आस्तिक करून घेणं थांबलं पाहिजे. आपल्याकडे नास्तिकाला वळवण्याचा उद्योग बहुतेक वेळा नेमका तेव्हाच चालतो, हे माझं दुखणं आहे.

खरं तर वळवायला आहेत तरी किती? २०११च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारे देशभरात सुमारे ३३ हजार निघाले. त्यातले साडेनऊ हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातले. न नोंदवलेले याच्या कितीतरी पट असतील, ते धरा. तरी एवढ्यांनी आरतीला टाळी वाजवली नाही म्हणून धर्म बुडेल, अशी भीती वाटायचं कारण दिसत नाही.

पत्रलेखकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. जे मला लाभलं, ज्याने संकटात मला उभं केलं, ते जवळच्या माणसाला न सांगणं हा कद्रूपणा नाही का? आहे. सांगावंच. पण सांगणं आणि गळ्यात घालणं यांत फरक करायला वारकऱ्यांकडून शिकावं. तुळशीची माळ मागून घ्यायची असते. माणूस आपण होऊन महाराजांकडे जातो, पथ्यं कबूल करतो आणि मग माळ गळ्यात पडते. कीर्तनाच्या कडेला नुसता ऐकत उभा राहिलेला माणूस देव मानतो की नाही, याची चौकशी कोणी करत नाही.

आता घाटावरचा प्रकार सांगते. आमचे धाकटे दीर कॉलेजच्या वयापासून नास्तिक. भांडखोर मुळीच नव्हते. सत्यनारायणाला यायचे, प्रसादाचा शिरा दोनदा मागून घ्यायचे, फक्त नमस्कार करायचे नाहीत. देहदानाचा फॉर्म भरून कपाटात ठेवलेला, त्याच्या पाठीवर ‘माझ्यामागे कसलेही विधी करू नका’ असं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं. शेवटच्या आजारात नाकात नळी आली आणि उशीखाली अंगाऱ्याच्या पुड्या जमायला लागल्या. एक नातेवाईक तर मोबाइलवर स्तोत्र लावून तो कानाशी धरून बसायचे. दीर डोळ्यांनी नर्सला खुणा करायचे. त्या नातेवाइकांना वाटायचं, ऐकून डोळे भरून आले. ते गेल्यावर देहदानावर घरात एकमत होईना. वारसच नको म्हणाले तर मेडिकल कॉलेज तरी काय करणार?

दहाव्या दिवशी पिंड मांडला. कावळे समोरच्या पिंपळावर बसलेले, उतरायचं नाव घेईनात. ‘काहीतरी इच्छा राहिली असणार,’ असं कोणीतरी म्हणालं आणि मग वचनं सुरू झाली. मुलीचं लग्न थाटात करू. घराचं कर्ज फेडू. कावळे ढिम्म. शेवटी एक काका पुढे झाले: ‘जन्मभर देवाला नाही नाही म्हणत राहिला, त्याचंच हे. बाबा रे, तू सांग, मी रोज पूजा करीन म्हणून.’ मुलगा विशीतला, डोकं नुकतं भादरलेलं, कमरेला ओला पंचा, भोवती सगळी भावकी. त्याने हात जोडले आणि म्हटलं, रोज पूजा करीन. कावळा तरीही आला नाही. गुरुजी व्यवहारी होते, पुढचे यजमान मागे ताटकळत होते. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळ्यांना मोकळं केलं.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मग बापाच्या पिंडासमोर पोराकडून काढून घेतलेला चालतो कसा? त्या मुलाच्या मनात देवाबद्दल काय उरलं असेल ते तोच जाणे. मला मात्र माझ्या देवाच्या नावाने असं काही उकळलं गेल्याची लाज वाटली. बापाच्या लेखी इच्छेचं काय, हे तर तिथे कोणी विचारलंही नाही.

असल्या इच्छा लिहून ठेवणारे काही आगंतुक नाहीत. सावरकरांनीही आपला देह विद्युतदाहिनीत द्यावा, पिंडदान, काकस्पर्श असले प्रकार करू नयेत, असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. डॉ. श्रीराम लागू ‘देवाला रिटायर करा’ असं म्हणायचे, आणि तेही भर सभेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या व्यासपीठावर त्यांचा आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा वाद-संवाद रंगायचा. लागू देव ही कल्पनाच नाकारायचे, तर समितीचा देवाधर्माला विरोध नाही, असं दाभोलकर म्हणायचे. मतभेद होते, पण कोणी कोणाच्या उशाशी गेलं नाही. श्रद्धावानांनी नास्तिकांशी बोलायचं तर ते असं समोरासमोर, त्यांना उठून जाता येईल अशा जागी बोलावं.

नास्तिकांतही आगाऊ असतात, हे मान्य. गांधीजींनी आत्मकथेत एक प्रसंग सांगितला आहे. १८९१ साली ते चार्ल्स ब्रॅडलॉच्या अंत्यविधीला गेले होते. हा ब्रॅडलॉ नास्तिक म्हणून प्रसिद्ध. खासदार म्हणून निवडून येऊनही शपथेच्या वादामुळे त्याला सहा वर्षं पार्लमेंटमध्ये बसू दिलं गेलं नव्हतं. १८८९च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला तो मुद्दाम आला होता. त्या अंत्यविधीहून परतताना स्टेशनवर एका नास्तिकाने एका पाद्र्याला गाठून, तुमचा देव राहतो कुठे, अशी उलटतपासणी मांडली. पाद्री नम्रपणे गप्प राहिला. ऐकणाऱ्या तरुण गांधींवर परिणाम झाला तो उलटाच: नास्तिकतेबद्दलची त्यांची अढी वाढली.

तेच गांधी १९४४ मध्ये सेवाग्रामला गोरांना भेटले. गोरा म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, आंध्रातले, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नास्तिक मतांपायी कॉलेजातली नोकरी दोनदा गेलेली, अस्पृश्यतेविरुद्ध खेड्यापाड्यांत काम चालू. गांधींइतका देवाचं नाव घेणारा माणूस, समोर पक्का नास्तिक, जागा गांधींच्याच आश्रमाची. वळवायला याहून सोयीची संधी ती कोणती? गांधींनी वाद घातला, खोदून खोदून विचारलं, आणि शेवटी माझी आस्तिकता बरोबर व तुमची नास्तिकता चूक, असं मला म्हणता येत नाही, इथपर्यंत आले. गोरांच्या मुलीचं लग्न दलित तरुणाशी ठरलं, तेव्हा ते आश्रमात लावायचं त्यांनी कबूल केलं आणि विधीतल्या देवाच्या जागी सत्याचं नाव घ्यायचं मान्य केलं. त्या आधीच त्यांची हत्या झाली. तरी मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला ते लग्न तसंच लागलं. देव न मानणाऱ्याच्या नीतीला आधार कशाचा, असं पत्रलेखक विचारतात. त्यांनी गोरांचं ‘अ‍ॅन एथीइस्ट विथ गांधी’ हे छोटं पुस्तक जरूर वाचावं.

कायद्याचं थोडक्यात. धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटलंय. आपला कोणताच धर्म नाही असं सांगण्याचा अधिकार नागरिकाला आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. पण घरातल्या दडपणाविरुद्ध कोण कोर्टात जातं?

म्हणून देव मानणाऱ्या नातेवाइकांना माझी विनंती आहे. देहदानाच्या फॉर्मवर जवळच्या माणसांची सही लागते. ती देताना नाक मुरडू नका आणि वेळ आली की फिरवू नका. माझ्या धाकट्या बहिणीच्या फॉर्मवर माझी सही आहे. तिचा देवावर विश्वास नाही, माझा आहे, आणि त्यावरून आमचं दर दिवाळीला वाजतं. मला जे पटवायचंय ते मी तेव्हाच, तिला उलट बोलता येतंय तोवर, बोलून घेते.

आपली,
एक वाचक, सांगली