मूळ हाती घेतल्यावर

बंगळूर शहरात टाउन हॉल आणि सिटी मार्केट यांच्या परिसरात सदर पत्रप्पा रस्ता नावाचा एक गजबजलेला रस्ता आहे. लोक त्यास एस. पी. रोड या संक्षिप्त नावानेच ओळखतात. संगणकाचे सुटे भाग, तारा, बॅटऱ्या आणि नाना प्रकारचे इलेक्ट्रॉनिक साहित्य यांची तेथे दाटीवाटीने मांडलेली दुकाने आहेत, आणि यंत्र उघडून पाहण्याची हौस असणाऱ्या तरुणांचे पाय तिकडे आपोआप वळतात. अशी हौस असलेला कोणीतरी आता बहुतेक कुटुंबांत असतो. घरातला अँड्रॉइड फोन तो एके दिवशी ‘रूट’ करतो, काही महिने आनंदाने वापरतो आणि पुढे नवा फोन घेतल्यावर जुना आईच्या किंवा आजोबांच्या हाती देतो. मग एके सकाळी पडद्यावर सूचना उमटते की, नवे सिस्टिम अपडेट आले आहे. आजोबा विश्वासाने बटण दाबतात. यंत्र थोडा वेळ खटाटोप करते आणि अखेर नकार देते. क्वचित प्रसंगी ते अर्ध्या वाटेवरच अडकून बसते. असे का होते आणि अशा वेळी काय करणे योग्य, याचा विचार आज या सदरात करावयाचा आहे.

प्रथम ‘रूट’ या शब्दाचा अर्थ पाहू. अँड्रॉइड ही लिनक्सच्या गाभ्यावर उभारलेली प्रणाली आहे. लिनक्सने ज्या युनिक्स परंपरेतून आपले नियम घेतले, तीत सर्वाधिकारी वापरकर्त्यास रूट, म्हणजे मूळ, असे नाव आहे. दुकानातून फोन आणल्यावर आपण त्याचे मालक होतो खरे. परंतु हा सर्वाधिकार आपल्याला मिळत नाही. घर आपल्या नावावर असावे आणि त्यातील एका खोलीची किल्ली मात्र बांधणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी, तसा हा व्यवहार आहे. ती किल्ली मिळविणे म्हणजेच फोन रूट करणे. कोणाला कंपनीने आधीच भरून दिलेली नको असलेली अ‍ॅप काढून टाकावयाची असतात, कोणाला सर्व माहितीचा पूर्ण बॅकअप हवा असतो, तर कोणाला जुन्या फोनचे आयुष्य वाढवावयाचे असते. या इच्छा गैर नव्हेत.

तथापि ही किल्ली आणि अधिकृत अपडेट यांचे वैर अँड्रॉइडच्या जन्मापासूनचे आहे. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन, टी-मोबाईल जी-वन, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. पुढच्याच महिन्यात असे आढळले की, त्याच्या कळफलकावर जे काही टंकावे ते पडद्यामागे सर्वाधिकाऱ्याची आज्ञा म्हणूनही वाचले जात होते. गप्पांच्या ओघात कोणी ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द टंकला, तर फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. गूगलने तत्परतेने नवे अपडेट पाठवून हे भगदाड बुजविले. मात्र त्याच भगदाडातून ज्यांना मूळ अधिकार मिळाला होता, त्यांना हे अपडेट नकोसे वाटले. कित्येकांनी फोनवर मुद्दाम आधीची आवृत्ती चढविली. कोणी अपडेटमध्येच फेरफार करून, दोष सुधारलेला परंतु रूट शाबूत राहिलेला असा पाठ सिद्ध केला. याच परंपरेतून २००९ साली स्टीव्ह कोंडिक यांचे सायनोजेनमॉड उदयास आले. ज्या फटीतून मालक आत शिरतो त्याच फटीतून चोरही शिरू शकतो, आणि फट बुजविणाऱ्याला या दोघांत भेद करता येत नाही. अपडेट हे मालकाविरुद्ध रचलेले कारस्थान आहे, असा समज त्यामुळे बरोबर ठरत नाही.

आता अपडेट नकार का देते ते पाहू. ग्रंथाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडलेले असते, हे वाचकांना परिचयाचे आहे. ‘पृष्ठ ४२, ओळ ७, तिसरा शब्द असा वाचावा’ ही सूचना त्याच आवृत्तीच्या प्रतीला लागू पडते. मधेच कोणी दोन ओळी हाताने लिहून घातल्या असतील, तर सातवी ओळ नववी झालेली असते आणि दुरुस्ती भलत्याच शब्दावर बसते. फोनकडे येणारे लहान आकाराचे अपडेट असेच शुद्धिपत्र असते. त्यात संपूर्ण प्रणाली नसते. जुन्या व नव्या आवृत्तींतील फरक तेवढा असतो. म्हणून ते लावण्यापूर्वी यंत्र आपल्याजवळची प्रत मूळ प्रतीशी जुळते की नाही हे गणिती ठशाच्या आधारे तपासते, आणि ती न जुळल्यास काम थांबविते. हा नकार म्हणजे बिघाड नव्हे. ती सावधगिरी आहे.

२०१४ सालच्या अँड्रॉइड ५ पूर्वी ही तपासणी एकेका फाइलची होत असे. त्या आवृत्तीपासून संपूर्ण सिस्टिम विभाग एकसंध मानून, त्याचे तुकडे तपासण्याची पद्धत आली. तेव्हापासून एखादी फाइल बदलणे तर दूरच, तो विभाग लिहिण्यासाठी एकदा नुसता उघडला, तरी त्याचा ठसा बदलतो आणि शुद्धिपत्र लागू पडत नाही. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून, फोन सुरू होतानाच प्रणालीची सत्यता पडताळण्याचा नियमही कडक झाला.

यातून मार्ग काढणाऱ्यांनी मग सिस्टिम विभागाला हातच न लावण्याची युक्ती शोधली. तैवानचे जॉन वू यांनी २०१६ साली सिद्ध केलेले मॅजिस्क हे साधन फोन सुरू करणाऱ्या ‘बूट इमेज’ नामक छोट्या भागात बदल करते आणि बाकीची प्रणाली जशीच्या तशी राहू देते. त्यामुळे प्रश्न सोपा झाला, पण संपला नाही. बूट इमेज बदललेली असल्याने शुद्धिपत्र तेथेही अडते. आणि पूर्ण आकाराचे अपडेट बसलेच, तर बदललेल्या बूट इमेजच्या जागी नवी कोरी येऊन रूट नाहीसे होते. सारांश, रूट केलेल्या फोनवर अधिकृत अपडेट एक तर अडते किंवा रूट पुसून टाकते. दोन्ही टिकवावयाचे असतील तर क्रम एकच आहे: आधी मूळ स्थिती पूर्ववत करावी, मग अपडेट घ्यावे, आणि शेवटी आपला बदल नव्याने करावा.

हा क्रम प्रत्यक्षात असा पाळतात. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन सिस्टिम अपडेट आपोआप होण्याची सोय प्रथम बंद करावी, म्हणजे यंत्र रात्री परस्पर काही करणार नाही. छायाचित्रे, संपर्क, कागदपत्रे यांचा बॅकअप फोनबाहेर घ्यावा. फोनचे नेमके मॉडेल व बिल्ड क्रमांक वहीत लिहून ठेवावा. मॅजिस्कमध्ये जी मोड्यूल जोडली असतील ती बंद करावीत.

अलीकडच्या बहुतेक फोनांत प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची सोय असते. एका प्रतीवर फोन चालू असताना अपडेट दुसऱ्या प्रतीवर लिहिले जाते, आणि नवी प्रत उभी राहिली नाही तर फोन जुनीकडे परततो. अशा फोनमध्ये मॅजिस्क काढण्याच्या पर्यायात जाऊन फक्त मूळ इमेज परत बसवावी, पण फोन बंद-चालू करू नये. मग सेटिंग्जमधून अधिकृत अपडेट घ्यावे. ते पूर्ण होऊन फोन पुन्हा सुरू करण्याची विनंती करील. ती तूर्त मानू नये. मॅजिस्ककडे परत जाऊन, अपडेटनंतर निष्क्रिय प्रतीवर बसविण्याचा जो पर्याय असतो तो निवडावा आणि त्यानंतरच फोन पुन्हा सुरू करावा. सिस्टिम विभागात पूर्वी कधी फेरफार झाला असेल, तर मात्र ही वाट बंद आहे.

ज्या फोनांत दुसरी प्रत नाही, किंवा ज्यांचा सिस्टिम विभाग बदललेला आहे, त्यांना लांबची वाट घ्यावी लागते. निर्मात्याने आपल्याच मॉडेलसाठी आणि आपल्याच प्रदेशासाठी दिलेली पूर्ण प्रणाली मिळवून, संगणकाच्या साहाय्याने ती बसवावयाची असते. मग त्याच नव्या आवृत्तीतील बूट इमेज काढून, तिच्यात मॅजिस्ककडून बदल करवून, ती फोनवर चढवावयाची असते. जुन्या आवृत्तीची किंवा दुसऱ्याच्या फोनची बूट इमेज नव्या प्रणालीवर बसविणे हे या कामातील सर्वांत मोठे अविचाराचे कृत्य होय. फोन त्यामुळे सुरूच होत नाही.

आणखी तीन इशारे येथे देणे आवश्यक आहे. बूटलोडरचे कुलूप उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. प्रणालीत काहीही बदललेले असताना ते कुलूप पुन्हा लावल्यास, फोन कायमचा निकामी होण्याचा संभव असतो. जाणकार यास ब्रिक होणे म्हणतात, म्हणजे फोनची अक्षरशः वीट होते. तिसरे असे की, काही फोन नव्या आवृत्तीवर गेल्यावर जुनीकडे परतू देत नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये गूगलच्या पिक्सेल ६ मालिकेतील फोनांना अँड्रॉइड १३ बरोबर असेच बंधन आले. म्हणून ‘जमले नाही तर मागे येऊ’ असे गृहीत धरून पुढे जाऊ नये.

एवढी यातायात नको, त्यापेक्षा अपडेटच टाळावे, असे कोणी म्हणेल. आणि रूट केलेले पुष्कळ फोन वस्तुतः याच अवस्थेत राहतात. धोका आहे तो येथे. जुलै २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाने ओळखले जाणारे दोष उघडकीस आले. केवळ एक चित्रफीत-संदेश पाठवून दुसऱ्याच्या फोनवर परकी आज्ञावली चालविणे त्यांच्यामुळे शक्य होते. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगलने अँड्रॉइडच्या दोषांचे मासिक पत्रक काढण्यास आरंभ केला. आपल्याकडे केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्थाही अशा दोषांविषयी वेळोवेळी सूचना देते. मात्र दोष जाहीर झाला म्हणजे तो चोरासही कळला. ज्या फोनला दुरुस्ती मिळाली नाही, त्याचे दार उघडे असल्याचा तो जणू पुकाराच ठरतो. त्यातून फोन रूट केलेला आणि वापरणारा अनभिज्ञ असेल, तर एखाद्या लबाड अ‍ॅपने मागितलेला सर्वाधिकार तो एका बोटाने देऊन बसतो. बँकांची व पैसे पाठविण्याची अनेक अ‍ॅप रूट केलेल्या फोनवर चालण्यास नकार देतात, ते याच कारणाने. त्यांना चकविण्याच्या युक्त्या आहेत. पण ज्या फोनवर घराची बचत आहे, त्यावर त्या करून पाहण्यात शहाणपण नाही.

येथे दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ‘अधिकृत’ हा शब्द ग्राहकास वाटतो तितका स्थिर नसतो. २०१४ च्या अखेरीस वनप्लस वन हा फोन सायनोजेनची प्रणाली घेऊन भारतात आला. सायनोजेनने मात्र या देशापुरते अनन्य हक्क मायक्रोमॅक्सला दिलेले होते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, डिसेंबरमध्ये विक्रीवर बंदी आली आणि पुढे ती उठली. पण आपल्या फोनला अपडेट कोण देणार, हा प्रश्न ग्राहकाच्या हातून निसटून कंपन्यांच्या करारात अडकला होता. अनेक निर्माते तर दोन-तीन वर्षांतच अपडेट थांबवीत आले आहेत. २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि २०२४ मध्ये सॅमसंगच्या एस २४ साठी सात वर्षांचे वचन दिले गेले, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण स्वस्त फोनांच्या नशिबी ती सहसा नसते. निर्मात्याने सोडून दिलेल्या फोनला लिनिएजओएससारख्या स्वयंसेवकांच्या प्रणालीने नवे आयुष्य मिळू शकते. मात्र तेथे निर्मात्याचे अपडेट लागू नसते. त्या प्रणालीचीच अपडेट घ्यावी लागतात.

बंगळूरला हा विषय नवा नाही. येथील भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी एन्कोअर या कंपनीतील अभियंत्यांच्या सहकार्याने सिम्प्युटर नावाचे हातात मावणारे यंत्र घडविले. ते लिनक्सवर चालणारे होते, आणि त्याचा आराखडाही ठरावीक अटींवर इतरांस खुला ठेवला होता. २००१ मध्ये ते लोकांपुढे आले आणि २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहभागाने त्याची अमिडा ही आवृत्ती विक्रीस आली. बाजारात त्याला यश लाभले नाही. परंतु सामान्य माणसाच्या हातातील यंत्राचे अंतरंग त्याला व इतरांना पाहता यावे, हा विचार अँड्रॉइडच्या आधी या शहरात प्रत्यक्षात उतरला होता.

तेव्हा, वाचकहो, रूट करणे पाप नाही. पण तो एका दिवसाचा खेळही नाही. ज्या दिवशी किल्ली आपण घेतो, त्या दिवसापासून निर्माता जी राखण करीत होता ती आपल्याकडे येते. दर अपडेटच्या वेळी वर सांगितलेला क्रम पाळण्यास ज्याच्यापाशी वेळ, संगणक आणि चिकाटी आहे, त्याने स्वतःच्या जादा फोनवर हा अभ्यास जरूर करावा. त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. बँकेच्या व्यवहाराचा फोन मात्र निराळा ठेवावा. आणि आपला जुना फोन घरातल्या वडीलधाऱ्यांना देण्यापूर्वी निर्मात्याची मूळ प्रणाली त्यावर पूर्णपणे बसवावी, काहीही बदललेले उरले नाही याची खात्री करून मगच कुलूप लावावे, आणि उपलब्ध असलेले शेवटचे अपडेट स्वतः घेऊन, तो नीट चालतो हे पाहून, तो त्यांच्या हाती ठेवावा.