आमच्याच गाड्यांची तपासणी, तिचा निकाल आम्हांला द्या : पर्यटक टॅक्सी चालक-मालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव, रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई
प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : ग्राहक व्यवहार विभाग, नवी दिल्ली

विषय : प्रवासी गाड्यांच्या टिकाऊपणाची मॉडेलनिहाय माहिती जाहीर करणे

महोदय,

नाशिक जिल्ह्यातले आम्ही पर्यटक टॅक्सीचे चालक-मालक हे मागणीपत्र सादर करत आहोत. शिर्डी, त्र्यंबकेश्वर, वणीचा गड आणि मुंबई विमानतळ ही आमची रोजची भाडी. गाडी कर्जावर असते. ती वर्कशॉपमध्ये उभी राहिली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. कोणती गाडी किती भरवशाची, यावर आमचे घर चालते. तरीही नवी गाडी घेताना आमच्या हाती असतो तो शोरूममधल्या विक्रेत्याचा शब्द आणि स्टँडवरची ऐकीव गोष्ट. सरकारकडे याहून पक्की माहिती आहे, आणि ती आमच्याच गाड्यांतून आलेली आहे.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तोवर पीयूसीपलीकडे तिला कोणी तपासत नाही. पिवळ्या पाटीची गाडी मात्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी फिटनेसला उभी राहते. म्हणजे वापरातल्या प्रवासी मोटारींची ठरावीक काळाने होणारी तपासणी या देशात मुख्यतः आमच्याच गाड्यांची होते. शुल्क आम्ही भरतो, त्या दिवसाचे भाडे आम्ही सोडतो. निकाल सरकारी प्रणालीत जातो आणि मॉडेलनिहाय एकत्र होऊन आमच्यापर्यंत कधीच येत नाही.

मागणी १. फिटनेस तपासणीचे निकाल दरवर्षी मॉडेल, इंजिन, उत्पादनवर्ष आणि धाव यांनुसार जाहीर करावेत. ब्रेक, सस्पेन्शन, स्टीअरिंग आणि धूर या चार बाबींत पहिल्याच फेरीत किती गाड्या नापास झाल्या, एवढे कळले तरी आमचे भागेल. मालकाचे नाव किंवा गाडीचा नंबर त्यात असण्याची गरज नाही. पहिला तक्ता सहा महिन्यांत यावा.

हे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी होणाऱ्या एमओटी तपासणीचे निकाल नावे वगळून सर्वांसाठी खुले केले जातात, आणि नंबर टाकला की त्या गाडीचा आधीचा निकाल व किलोमीटर-मैलांची नोंद कोणालाही पाहता येते. जर्मनीत तपासणी संस्थांचा ट्यूव्ह अहवाल दरवर्षी निघतो. २०२४ च्या अहवालात दोन-तीन वर्षे वयाच्या गाड्यांमध्ये फोक्सवॅगन गोल्फ स्पोर्ट्सव्हॅनमध्ये गंभीर दोषांचे प्रमाण २ टक्के होते, तर टेस्ला मॉडेल ३ मध्ये १४.७ टक्के. एकाच वयाच्या गाड्यांत सात पटींचा फरक. तिथला ग्राहक हा आकडा वाचून मग सही करतो.

मागणी २. तक्ता कंपनीच्या नावावर थांबू नये. मारुतीची अर्टिगा आणि टोयोटाची रुमियन, मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा या मुळात एकच गाड्या. बोधचिन्ह, वॉरंटी आणि सर्व्हिस वेगळी. उलट एकाच कंपनीचे पेट्रोल इंजिन वर्षानुवर्षे त्रास देत नाही आणि तिचेच डिझेल मालकाला वर्कशॉपचे दार दाखवते. भरवसा मॉडेलचा असतो. २००५ साली आलेल्या इनोव्हावर आमच्या व्यवसायाने विश्वास टाकला तो घाटात आणि ओडोमीटरवर पाहून. फिटनेसच्या वेळी ओडोमीटरची नोंद सक्तीची करावी, कारण टॅक्सीची तीन वर्षांची धाव घरगुती मोटारीच्या कितीतरी पट असते आणि वयाशी वय जुळवून तुलना केली तर चांगली गाडीही बदनाम होईल. ज्या मॉडेलच्या गाड्या फार थोड्या आहेत त्यांना क्रमवारीत धरू नये. प्रसिद्धीपूर्वी कंपनीला आकडे तपासायला तीस दिवस द्यावेत. या अटी आम्ही स्वतःहून मांडत आहोत. खोट्या आकड्याने कोणाचे नुकसान व्हावे असे आम्हांला वाटत नाही.

मागणी ३. काय मोजायचे, ते गाडी चालवून पोट भरणाऱ्याला विचारून ठरवावे. अमेरिकेत जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारून १०० गाड्यांमागे किती तक्रारी ते मोजते. २०२५ मध्ये तिथली सरासरी २०२ होती आणि १४० वर असलेली लेक्सस पहिली होती. पण त्या मोजणीत फोन स्क्रीनला जोडला न जाणे हीही एक तक्रार आणि गिअरबॉक्स बसणे हीही एकच. जर्मनीतल्या आडाक या मोटार क्लबची मोजणी रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची असते. ती आमच्या अनुभवाला अधिक जवळची, मात्र त्यात दहांपैकी चारांहून अधिक वेळा दोष बॅटरीचा निघतो. आम्हांला तीन आकडे हवेत : वर्षात गाडी किती वेळा रस्त्यात बंद पडली, किती दिवस वर्कशॉपमध्ये राहिली, आणि त्यांतले किती दिवस निव्वळ स्पेअर पार्टची वाट पाहण्यात गेले. वॉरंटीचा दावा वर्कशॉपकडून कंपनीकडे जातो तेव्हा भाग आणि किलोमीटर त्यात असतातच. हे तीन आकडेही दर तिमाहीला मंत्रालयाकडे पाठवणे अधिकृत वर्कशॉप असलेल्या कंपन्यांवर बंधनकारक करावे.

तिसरा आकडा आम्ही का मागतो, ते एका प्रसंगातून कळेल. आमच्या एका सभासदाची सात आसनी डिझेल गाडी पहाटे चारला कसारा घाटात पिकअप सोडून उभी राहिली. आत विमान गाठायला निघालेले सहाजणांचे कुटुंब, सामान टपावर. स्टँडवरून दुसरी गाडी बोलावली, बॅगा रस्त्याच्या कडेला मोबाइलच्या उजेडात उतरवून चढवल्या. भाडे तर गेलेच, वर दुसऱ्या गाडीचे पैसे पदरचे. त्याआधी दोनदा तीच तक्रार घेऊन ती गाडी वर्कशॉपला गेली होती. दोन्ही जॉबकार्डांवर एकच ओळ आहे : ‘तपासणीत दोष आढळला नाही.’ तिसऱ्या खेपेला टोचन करून नेल्यावर इंजेक्टर बदलावे लागतील असे निघाले, आणि ते येईपर्यंत गाडी एकोणीस दिवस उभी होती. तिन्ही जॉबकार्डे आमच्याकडे आहेत. कुठल्याही क्रमवारीत हे एकोणीस दिवस दिसणार नाहीत.

मागणी ४. प्रत्येक जॉबकार्डाची सही-शिक्क्याची प्रत मालकाला मिळावी. त्यावर तक्रार मालकाच्या शब्दांत, आत-बाहेरची तारीख आणि किलोमीटर असावेत. एकच तक्रार तिसऱ्यांदा आली की गाडी त्रयस्थ तपासणीला जावी. पुण्यात एआरएआय ही वाहनांची तपासणी करणारी संस्था १९६६ पासून आहे. सक्षम संस्था शोधत बसण्याची गरज नाही. दोष निघाल्यास खर्च कंपनीचा, न निघाल्यास आमचा. ही अट आम्हांला मान्य आहे.

मागणी ५. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आले. सदोष गाड्या परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला, आणि त्यासाठी किती मालकांच्या तक्रारी हव्यात हे ठरवण्याचाही. मात्र कोणत्या मॉडेलबद्दल आजवर किती तक्रारी आल्या, हे तक्रार करणाऱ्यालाच कळत नाही, आणि म्हणून तो एकटाच आहे अशी त्याची समजूत होते. मॉडेलनिहाय तक्रारींची संख्या दरमहा जाहीर करावी.

मागणी ६. दोषाबद्दल ग्राहक आयोगात गेलो की समोरून पहिला आक्षेप येतो : टॅक्सी व्यावसायिक हेतूने घेतलेली, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या स्पष्टीकरणात केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेला वापर ‘व्यावसायिक हेतू’तून वगळला आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्वतः रिक्षा चालवून पोट भरणाऱ्याला ग्राहक मानले, एक-दोन माणसांची मदत घेतली तरी. इतकी वर्षे प्रत्येक सभासदाने हेच पुन्हा सिद्ध करत बसावे, हे अन्यायाचे आहे. एक-दोन गाड्यांच्या चालक-मालकांबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने स्पष्ट सूचना काढावी.

मागणी ७. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न मिळणे, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले; कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला निदानाचे सॉफ्टवेअर आजही सहज मिळत नाही. मुंबईत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपेपर्यंत ती जात रस्त्यावर होती. बिघडत नव्हती म्हणून नाही. तिचा भाग आणि तिचा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर होता म्हणून. मॉडेलची विक्री थांबल्यावरही दहा वर्षे सुटे भाग खुल्या विक्रीत ठेवण्याचे बंधन आणि निदान-माहिती रास्त शुल्कात देण्याची सक्ती नियमांत यावी.

या मागण्यांपैकी १, २ आणि ५ यांना नवा कायदा लागत नाही. हाती असलेली माहिती मांडायची आणि फिटनेसच्या अर्जात एक रकाना वाढवायचा, एवढेच काम आहे. त्यांवर हे पत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांत बैठक व्हावी. बैठक न झाल्यास हीच माहिती आम्ही माहिती अधिकार कायद्याखाली प्रत्येक आरटीओकडून स्वतंत्रपणे मागवू आणि स्वतः तक्ता करू.

आमच्याकडील जॉबकार्डे सभासदांच्या संमतीने वर्षवार लावून ठेवली आहेत. ती बैठकीत सादर करू. शुक्रवार ते रविवार भाड्याचे दिवस असतात, तरी बैठक मंगळवारी किंवा बुधवारी ठेवून तारीख लेखी कळवावी.

सर्व सभासदांच्या वतीने,
अध्यक्ष व सचिव
नाशिक