दुखणं घड्याळ बघून येत नाय

दिवसा आजारी पडायला पगारी रजा लागते, दोस्तांनो. आपला नाका चुकला की चूल थंड. म्हणून दुखणं अंगावर काढायचं. ते रात्री उसळतं. तेव्हा दवाखान्याला कुलूप, अन् कॅज्युअल्टीत उत्तर : ‘खाट नाय.’

१९९२ साली बंगालचा एक शेतमजूर रेल्वेतून पडला. सरकारी इस्पितळांनी त्याला असंच दारोदार फिरवलं. त्याची संघटना सुप्रीम कोर्टात गेली. १९९६ चा निकाल : सरकारी इस्पितळानं वेळेवर उपचार न देणं म्हणजे कलम २१ चा भंग. पैसा नाही ही सबब चालणार नाही.

मी म्हणतो, रात्री दारात हात जोडू नका. ‘नाकारताय तर लिहून द्या,’ असं ठणकावा. अख्खी वस्ती घेऊन जा. घटना आपल्या बापानं लिहिलीय, ती दहा ते पाचची नाय.