सात रस्त्याला दिशा हवी

सोलापुरातील सात रस्ता हे नावच नियोजनकारांना पुरेसा इशारा देणारे आहे. चार रस्ते मिळतात तेथे वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी परस्परांना छेदतात वा भिडतात. तेथेच नीट आखलेले वर्तुळ केले तर ही संख्या ८ वर येते, असे वाहतूकशास्त्र सांगते. मग सात रस्त्यांचे गणित किती बिकट! तरीही वर्षानुवर्षे सोलापूरकरांना एकच उत्तर मिळत आले : उड्डाणपूल होऊ द्या.

जुना पुणे नाक्याकडून सात रस्त्याकडे येणारा एक आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला असा दुसरा, या दोन उड्डाणपुलांच्या योजनेची अनेक वर्षे भूसंपादनाच्या फेऱ्यात गेली. तेवढा काळ खालचा चौक सुधारण्यास कोणी मनाई केली होती?

उड्डाणपुलाचा खरा लाभ शहर ओलांडून जाणाऱ्या वाहनांना. त्यांतील पुण्याहून विजयपूरकडे जाणाऱ्या अवजड वाहनांसाठी केगाव-हत्तूर वळणमार्ग झाला आहे. ती तिकडूनच जातील, हे पाहणे प्रशासनाचे कर्तव्य होय. चौकात उरते ती शहराची स्वतःची वाहतूक, आणि तिला उतरायचे असते जमिनीवरच. पुण्याच्या विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल मेट्रो आणि नव्या रचनेसाठी २०२० मध्ये पाडावे लागले. समग्र विचाराविना ओतलेले काँक्रीट किती महाग पडते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

कोंडीचे मोल कोण चुकवितो? फेऱ्यांवर पोट असलेला रिक्षावाला. गठ्ठे वेळेत पोचविण्याची हमी देणारा लहान यंत्रमागधारक. ज्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनाचा मान आहे, ती चौकातच अडकून पडावी? पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटला निघालेल्या भाविकांनी येथे ताटकळावे?

उपाय आवाक्यातले आहेत. मोजणी करून काही रस्ते एकदिशा करावेत. बस आणि रिक्षाथांबे कोपऱ्यापासून दूर न्यावेत. पादचाऱ्यांना सलग पदपथ आणि सुरक्षित ओलांडण द्यावे. हातगाडीवाल्यांना हुसकावण्याआधी पर्यायी जागा द्यावी. पूल व्हायचा तेव्हा होवो. पण त्याच्या नावाखाली चौकाला वाऱ्यावर सोडणे हे नियोजन नव्हे, ती जबाबदारीची टाळाटाळ आहे. २०१६ साली ‘स्मार्ट सिटी’च्या पहिल्या वीस शहरांत निवडल्या गेलेल्या सोलापूरने ती का सोसावी?